बिनकामाचं चालणं

माझी माय कामाशिवाय एक पाऊलही चालली नाही. वावरात जायला चालायची, विहिरीवर जायला चालायची, दोन गावं ओलांडून लग्नाला चालत जायची आणि तिथे पोचल्या पोचल्या पोळ्या लाटायला बसायची. पण "जरा फिरून येतो" हे वाक्य तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. आमच्या गावात कोणी नुसता फिरायला निघाला, तर एक तर तो रिकामटेकडा, नाहीतर त्याच्या डोक्यात काहीतरी फिरलंय, असा सरळ हिशेब होता.

मी आता रोज सकाळी पाऊण तास फिरते. साखर मलाही आहे, ती मायकडून आली. बाकी तिचं काहीच आलं नाही, ना हात, ना सोसणं. बोटाला सुई टोचून यंत्रावर आकडा बघते, फिरून आल्यावर पुन्हा बघते, आणि तो उतरलेला दिसला की शहाण्यासारखी मान हलवते. रस्त्यावर पांढऱ्या बुटांतल्या बाया मला हात करतात. कुठे चालली असं कोणी विचारत नाही. कोणीतरी विचारावं, असं मला फार वाटतं.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटची. मी वर्ध्याला शाळेत विज्ञान शिकवायची आणि शेजारच्या नालवाडीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायची. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही, हे तेव्हा सगळा गाव सांगायचा, त्यामुळे मी वेगळं सांगत नाही. आमचं गाव देवळीच्या अलीकडे, एस.टी.च्या रस्त्यापासून थोडं आत. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेती दादा करायचा, वहिनी आणि माय त्याच्यासोबत राबायच्या.

एका उन्हाळ्यात पऱ्हाटीचा खुंट मायच्या तळपायात शिरला. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. ते कापून नेलं की जमिनीत खुंट राहतात आणि ते चपलेला जुमानत नाहीत. माय तर चप्पलही घालायची नाही. दोन महिने झाले तरी जखम भरेना. हळद झाली, कडुनिंब झाला, एका म्हाताऱ्याने मंत्र घालून पाहिला. शेवटी मी तिला दवाखान्यात नेलं आणि साखर निघाली. डॉक्टरांनी एक पांढरी गोळी दिली, गूळ आणि भात कमी करायला सांगितला, पायात जोडे घाला म्हणाले. शेतात काम करते म्हटल्यावर म्हणाले, "मग चांगलंच आहे." हे वाक्य मी ऐकलं, पण लक्षात ठेवलं नाही. डॉक्टर काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणतात, असं वाटलं.

त्या काळी घरी रक्त तपासायची सोय नव्हती. लघवी तपासायची. निळं औषध परीक्षानळीत घ्यायचं, त्यात आठ थेंब लघवी टाकायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, नारिंगी झालं तर फार, आणि विटेचा रंग आला तर दवाखाना गाठायचा. मी विज्ञानाची शिक्षिका, मला तर घरबसल्या प्रयोगशाळाच मिळाली. दर रविवारी पिशवीत नळी आणि दिवा घेऊन मी गावी जायची. माय वहिनीला सांगायची, "आली पाय पोट्टी. आता मुताचा चहा मांडते." आमच्या बोलीत 'पाय' म्हणजे 'पाहा'.

वर्षभर तो चहा हिरवट-निळाच निघाला. जखम भरली. सगळं बरं चाललं होतं. हे मी आज म्हणते. तेव्हा मला वेगळंच दिसलं.

पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी मी वावरात गेले, तर माय चिखलात ओणवी होऊन निंदण काढत होती. जोडे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नीट ठेवलेले. चिखलात खराब होतील म्हणून तिने ते काढले होते. त्याच पायाने, साखर असलेली, पंचावन्नच्या पुढची बाई बांधापासून बांधापर्यंत वाकून जात होती आणि माझा दादा झाडाखाली बैलाचं शिंग चोळत होता. माझं डोकं फिरलं. मी तिथेच दादाला नको ते बोलले. तिला मारायची आहे का, इथपर्यंत बोलले. दादा गरीब माणूस. तो म्हणाला, "ने मंग. तुह्याजवळ तरी आराम पडन तिले." त्याच एस.टी.ने मी मायला नालवाडीला आणलं. वाटेत मला आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

आणि आराम म्हणजे काय आराम दिला. पाणी नळाचं, दळण गिरणीचं, भांडी घासायला बाई. मायने झाडू उचलला की मी हातातून घ्यायची. ती खिडकीजवळ बसायची आणि रस्त्यावर कोण जातं ते बघायची. शाळेतून मी आले की तिने वरण-पोळी करून ठेवलेली असायची, तेवढं मात्र मी करू द्यायची. पूर्वी शाळेतून यायचं, कुलूप काढायचं आणि सकाळचंच उरलेलं गिळायचं असा माझा क्रम होता. आता गरम जेवण आणि समोर बोलायला माणूस. मला घर मिळालं होतं. हे कबूल करायला मला पुढे पुष्कळ वर्षं लागली.

पण नळीतला रंग बिघडू लागला. पंधरा दिवसांत हिरवा, मग पिवळा. गणपती बसले तेव्हा नारिंगी झाला आणि उठायच्या आत एके सकाळी नळीत चक्क विटेचा चुरा दिसला. खाणं गावाकडच्यापेक्षा कमी, गोळी वेळेवर, आराम भरपूर. मग साखर येते कुठून? मी विज्ञानाने विचार केला आणि विज्ञानाने एकच उत्तर दिलं, माय चोरून गूळ खाते.

मी तिला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "नाई." मी पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. ती मंदिरात गेली असताना मी तिची ट्रंक उघडली. लुगड्यांच्या खाली एक घट्ट बांधलेली पुरचुंडी होती. चोर सापडला, असं मनाशी म्हणत मी ती दातांनी सोडली. आत वालाचं बियाणं होतं. घरामागे लावावं म्हणून तिने गावाहून आणलं होतं, पण घरामागे मालकाने फरशी केलेली होती. मी गाठ पुन्हा बांधली, पण तिच्यासारखी बसली नाही. ती परत आल्यावर तिने ट्रंक उघडली, पुरचुंडी पाहिली आणि पुन्हा ठेवली. त्या संध्याकाळपासून ती पोळी एकच खाऊ लागली.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी तक्रारीच्या सुरात सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "आधी ह्या काय करायच्या?"

"शेतात काम."

"आणि आता?"

"आता काही नाही. मी काही करू देत नाही."

ते हसले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, "बाई, तुम्ही विज्ञान शिकवता. हात-पाय राबतात तेव्हा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, वापरून टाकतात. काम थांबल्यावरही काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, त्याचा गुण राहतो. ह्या दिवसभर वाकत होत्या, चालत होत्या. ह्यांचं अर्धं औषध तेच होतं. ते तुम्ही बंद केलं."

माय बाजूला बसून ऐकत होती. तिला किती कळलं, कुणास ठाऊक. गुळाचा विषय संपला, एवढं तिला नक्की कळलं. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि रोज तासभर चालायला सांगितलं. परतताना मला तिची माफी मागायची होती. मी म्हटलं काय, तर "उद्यापासून चालायचं." आमच्या घरात माफी मागायची पद्धत नव्हती, आणि मी ती सुरू केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जोडे घालून रस्त्यावर सोडलं आणि मी शाळेची तयारी करू लागले. ती दहा मिनिटांत परत.

"काय झालं?"

"कोपऱ्यावरची बाई म्हने, कुठं चालली वं माय? काय सांगू तिले? कायी काम नाई, अशीच चालून राह्यली, असं सांगू?"

"सांग ना. त्यात काय लाज?"

"तुले लाज नाई, मले हाये."

चार दिवस हेच झालं. पाचव्या दिवशी ती अर्ध्या तासाने आली, घाम आलेला, तोंडावर समाधान. हातात रॉकेलचा रिकामा डबा. युक्ती तिची तिनेच काढली होती. हातात डबा असला की बाई कामाला निघालेली दिसते, कोणी विचारत नाही. आणि विचारलंच तर डबा दाखवला की भागतं. मी कपाळावर हात मारला, पण चालते आहे ना, मग डब्याने चालू दे.

डबा धरल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र घोटाळा झाला. रॉकेलची टंचाई होती. एक बाई पहाटेची डबा घेऊन झपाझप चालली आहे, हे दोन घरांनी पाहिलं, मग चार घरांनी. सकाळी सातला रेशनच्या दुकानासमोर तीस-चाळीस डब्यांची रांग लागली. दुकानदार दात घासत बाहेर आला आणि चक्रावला. तेल आल्याचं कोणी सांगितलं, असं त्याने विचारलं, तर सगळ्यांनी बोट मायकडे केलं, आणि माय तर दुकान ओलांडून पुढे चाललेली. तो दुकानदार पुढे महिनाभर मला रस्त्यात अडवून सांगायचा, "मॅडम, तुमच्या मायले दुसरं कायी धराले सांगा." मग तिने डब्याऐवजी कापडी पिशवी धरली. पिशवीने कोणाचं काही बिघडत नव्हतं.

रंग महिन्याभरात हिरव्यावर आला. मी कॅलेंडरच्या मागे रोजचा रंग खडूने भरायची. आता नळीची तिलाही गोडी लागली होती. दिव्यापाशी ती उकिडवी बसायची आणि माझ्याआधी तिलाच दिसायचं. "निळं होऊन राह्यलं पाय," ती म्हणायची. तिच्या चालण्याला अखेर एक काम मिळालं होतं. पण ते कितीही निळं झालं तरी ती उठून खिडकीशी जायची. सकाळी धुकं दिसलं की म्हणायची, "आज धुई पडली. तुरीचा फुलोरा गळते आता." वारा सुटला की पऱ्हाटी आडवी होईल म्हणायची. ती नालवाडीत बसून दादाचं वावर राखत होती.

दिवाळी झाली. वेचणी सुरू व्हायची होती, आणि वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे सीतादही असते. शेताच्या कोपऱ्यात दगड मांडायचे, त्यांना हळद-कुंकू आणि नवा कापूस वाहायचा, दही-भाताचा नैवेद्य दाखवायचा, मग वेचणी. आमच्या घरची आणखी एक रीत होती. घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईने उपाशीपोटी एक तास, म्हणजे पऱ्हाटीची एक ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत वेचायची आणि तोच कापूस दगडांना वाहायचा. मायने हे माझ्या वडिलांच्या आईकडून घेतलं होतं. तिने मला एकदाच विचारलं, "सीतादहीले नेशीन ना?" तिने माझ्याकडे मागितलेली ती पहिलीच गोष्ट. मी रविवार ठरवला.

सकाळी सहाला तिने गोळ्या घेतल्या, वाढवलेल्या. मी दोन घास खा म्हटलं, तर म्हणाली, "निवदाच्या आंधी?" आणि मी पोळी परत झाकून ठेवली. मी त्याच घरची लेक. शिवाय मनात असंही आलं, साखरेचं माणूस उपाशी राहिलं तर बिघडलं काय, साखर कमीच होईल. विज्ञान शिकवणाऱ्या बाईचं हे विज्ञान. एस.टी. उशिरा आली. वावरात पोचलो तोवर ऊन चांगलं चढलं होतं.

तिने वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधली आणि तासात शिरली. मी धुऱ्यावर उभी राहून पाहिलं. दोन्ही हात दोन बोंडांवर एकाच वेळी जायचे, कापूस पाकळीतून पूर्ण सुटून यायचा, काडी-कचरा एक नाही. तरण्या बाया मागून आपसात बोलत होत्या, "पाय वं, बुढीचे हात." नालवाडीत चार महिने खिडकीशी बसलेली बाई ती हीच का, असा मला प्रश्न पडला. तिचा चेहरा दिसत नव्हता, पण पाठ आनंदात आहे हे लांबूनही कळतं. मला आज काही एक परत मिळणार असेल, तर मी ती पाठ मागेन.

तासाच्या शेवटी ती खाली बसली. मला वाटलं, दमली. जवळ गेले तर घामाने लुगडं चिंब, हात थरथरत होते, आणि ती माझ्याकडे पाहून तिच्या मेलेल्या बहिणीशी बोलत होती. बायांनी ते पाहिलं आणि झटक्यात पदर डोक्यावर घेतले. पूजेचा दिवस, उपाशी बाई, अंग कापतंय, तोंडाने काहीबाही. दुसरं काय असणार? देवी अंगात आली. एकीने मायच्या कपाळावर मळवट भरला. दुसरीने पायांवर डोकं ठेवून विचारलं, "माय, औंदा कापूस कसा होईन?" दादा सुद्धा हात जोडून उभा राहिला. आणि मी, बी.एस्सी. झालेली, मीही क्षणभर हात जोडलेच.

माय म्हणाली, "भाकर."

"देवी भाकर मांगून राह्यली," बाया म्हणाल्या, आणि कोणीतरी नवस बोलायला लागली. तेव्हा वहिनी माझ्या कानाशी आली. "बाई, देवी भाकर कायले मांगन? मायनं सकाळपासून खाल्लं नाई ना?" तिचे शब्द ऐकले आणि मला सकाळच्या गोळ्या आठवल्या. नैवेद्याच्या ताटातला गूळ मी उचलला, पाण्यात कुस्करला आणि तिच्या तोंडाला लावला. नैवेद्य उष्टा झाला म्हणून बाया हळहळल्या. दहा मिनिटांत मायने डोळे नीट उघडले, कपाळाला हात लावून लाल झालेली बोटं पाहिली आणि विचारलं, "हे काऊन फासलं मले?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. साखर जास्त असणं हळूहळू घात करतं, पण ती फार उतरली तर घटकाभरात माणूस जातो. गोळीचा जोर, उपास आणि अंगमेहनत, तिन्ही एकत्र आलं. "दोष शेताचा नाही," ते म्हणाले. "ज्या दिवशी काम असेल त्या दिवशी गोळी अर्धी. आधी भाकरी खायची, मध्येही काही खायचं, ओटीत गुळाचा खडा ठेवायचा. पायात जोडे. एवढं सांभाळलं तर त्यांना गावी परत जाऊ द्या. खरं सांगू, तिथेच त्यांची साखर चांगली राहील."

मी सगळं ऐकलं. एक अक्षर सुटलं नाही. वर्गात मुलांना जसं तीनदा सांगावं लागतं, तसं मला सांगावं लागलं नाही.

घरी आले तेव्हा दार उघडं होतं, दिवा लागला होता, वरणाला फोडणी पडल्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता. माय उंबऱ्याशी बसून माझी वाट बघत होती. ती उठली, पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "काय म्हने डाक्टर?"

मी म्हटलं, "शेत बंद म्हणाले."

तिने माझ्या हातातून तांब्या घेतला. मग "बरं" म्हणाली आणि ताट वाढायला गेली.

त्यानंतर सहा वेचण्या झाल्या. प्रत्येक दिवाळीला मी ठरवायची की आता सांगू, आणि प्रत्येक दिवाळी जायची. स्वतःला पटवायला माझ्याकडे कारण होतं आणि ते कॅलेंडरमागे रंगवलेलंही होतं. रोजच्या चालण्याने तिची साखर ताब्यात होती. निळं, निळं, हिरवट, निळं. बिघडलं काय होतं? दादा महिन्यातून एकदा यायचा आणि ती त्याला वावराची एकेक गोष्ट विचारायची, कोणत्या तासाला पाणी साचलं, कोणता बैल बसतो, शेवटचा कापूस कवडी, म्हणजे कच्चा आणि डागी, निघाला का. तो गेला की ती दोन दिवस कमी बोलायची. मी रेडिओ लावायची.

एकदा भाजीच्या गाड्यावर मला एक ओळखीची शेतकरीण भेटली. नालवाडीच्या कडेला, घरं संपतात तिथे तिचं वावर होतं. ती म्हणाली, "तुमची माय रोज येते आमच्या धुऱ्यावर. पिशवी धरून उभी राह्यते. मी म्हनतो, या ना माय आत, दोन बोंडं येचा. तर म्हनते, डाक्टरनं मना केलं हाये. धुऱ्याच्या आत पाय नाई टाकला तिनं कधी." मी भाजी न घेता घरी आले. त्या दिवशी सांगायला हवं होतं. त्या दिवशीही मी जेवायला बसले आणि तिने गरम पोळी वाढली.

सातव्या वर्षी, ज्येष्ठात, तिच्या पायांवर सूज आली. मी तिला दवाखान्यात नेलं. एरवी तिथे मीच बोलायची, रिपोर्ट मीच पुढे करायची, ती नुसती बसायची. डॉक्टरांचे केस आता पिकले होते. त्यांनी तिची छाती बराच वेळ तपासली, मग मला न विचारता तिलाच विचारलं, "काय मावशी, शेतात जाणं चालू आहे ना? बाईंना मी तेव्हाच सांगितलं होतं, गोळी अर्धी करा, भाकरी खा आणि खुशाल जा."

मी जमिनीकडे पाहिलं. फरशीचा एक तुकडा उडालेला होता, तो मला अजून दिसतो.

माय म्हणाली, "जातो ना. दरसाल जातो. भाकर खाऊन येचतो."

"म्हणून तर साखर अशी छान आहे," डॉक्टर म्हणाले आणि लिहायला लागले.

बाहेर आल्यावर मी रिक्षाला हात केला, तर ती नको म्हणाली. आम्ही चालत निघालो. थोडं पुढे गेल्यावर मी थांबले. "माय, मी तुला..."

"मले मालूम हाये."

"केव्हापासून?"

"दुसऱ्याच सालापासून. तुही वहिनी तिच्या मायले घेऊन याच डाक्टरकडं गेलती. तिले बी साखर. तिले डाक्टर म्हने, वावरात काम करत जा, बरं राह्यशीन. मी म्हटलं, एका साखरवालीले वावर बरं अन् दुसरीले बंद, असं कसं असन?"

"मग गेली काऊन नाई तू?" मी तिच्याच बोलीत विचारलं. शहरात आल्यापासून मी ती बोलायचं सोडलं होतं.

ती चालतच होती. पाय सुजलेले, तरी मला तिच्यासोबत राहायला जोर लावावा लागत होता. "मले लेकरं दोन," ती म्हणाली. "तुह्या दादाजवळ वावर होतं. तुह्याजवळ कोन होतं?"

मी रस्त्यातच रडले. तिने मला रडू दिलं. मग पदराने माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच. मी म्हटलं, यंदा सीतादहीला आपण दोघी जाऊ, आणि वेचणी संपेपर्यंत तू तिथेच राहा, मी दर रविवारी येईन. ती म्हणाली, "जाऊ." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पोयाले बैल धुवाले गेलो असतो तरी चाललं असतं, पन आता पाय दुखते." तिने कारण दिलं म्हणजे तिला पोळ्यालाही खरंच जायचं होतं, एवढं मला तिच्या बोलण्याचं कळत होतं. मी शाळेत रजेचा अर्जही देऊन ठेवला.

भाद्रपदात एका दुपारी ती गेली. मी वर्गात होते. शेजारीण बोलवायला आली. डॉक्टर म्हणाले, हृदय. वेचणीला दीड महिना होता.

दिवस गावीच केले. तेरवीला सगळ्या बाया जमल्या होत्या आणि येणारी प्रत्येक जण माझा हात धरून हेच म्हणत होती, "लेकीनं मायचं लय केलं. आपल्यापाशी ठेवलं, दवापानी केलं, वावराचं कष्ट पडू नाई देलं." मी प्रत्येकीला मान हलवून हो म्हणत राहिले. पंगतीत दादा माझ्यासमोर बसला होता. तो घास हातात धरून बायांना सांगत होता, "माह्यानं झालं नसतं. माह्या बहिनीनं केलं." त्याला मी अजून सांगितलेलं नाही.